साडेतीन फुटांचा नायक : कल्पित वंशांची शरीरे आणि पडदा

१

पुस्तकातल्या काही गोष्टी वाचक सहज विसरून जातो. पडद्यावर मात्र त्या क्षणभरही विसरता येत नाहीत. पात्राची उंची ही त्यांपैकीच एक. जे. आर. आर. टोल्कीन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) या महाकादंबरीचा नायक फ्रोडो हा हॉबिट जमातीतला. हॉबिटांची उंची दोन ते चार फुटांच्या दरम्यान असते, असे लेखक प्रस्तावनेतच सांगून टाकतो. पण एकदा कथेने वेग घेतला, की वाचक हा आकडा बाजूला ठेवतो. फ्रोडोचे भय, त्याचा थकवा, गळ्यातल्या अंगठीचे वाढत जाणारे ओझे यांची मापे फुटांत घेता येत नाहीत. आणि हजारभर पानांच्या सोबतीनंतर आपण इतका वेळ साडेतीन फुटांच्या एका जिवाबरोबर चालत होतो, याचे भान क्वचितच कोणाला उरते.

चित्रपटाला ही मुभा नाही. कॅमेऱ्यासमोर उभा राहिलेला फ्रोडो दाराच्या कडीजवळ, घोड्याच्या पाठीजवळ, सोबत्याच्या खांद्याजवळ उभा असतो, आणि प्रत्येक चौकटीत त्याची उंची नव्याने सिद्ध करावी लागते. गंमत अशी की खुद्द टोल्कीन यांना हा भेद ठाऊक होता. १९३८ साली अमेरिकी प्रकाशकाला 'द हॉबिट'च्या चित्रांसाठी तपशील कळवताना त्यांनी हॉबिटाचा गोल, हसरा चेहरा, किंचित टोकदार कान असे वर्णन केले, उंची तीन ते साडेतीन फूट दिली, आणि सोबत एक पुस्ती जोडली: चित्रात इतर वस्तू असतील तरच या आकाराला महत्त्व. चित्रपटातील चौकटीत इतर वस्तू नेहमीच असतात. पुढच्या पाऊण शतकाचा इतिहास या एका पुस्तीत सामावला आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

रूपांतराची चर्चा आपल्या वर्गांतून होते तेव्हा ती बहुधा कथानकाभोवती फिरते. टॉम बॉम्बाडिल का गाळला, अमुक प्रसंग का बदलला, इत्यादी. कल्पित वंशांची शरीरे कशी बांधली गेली, हा प्रश्न तंत्रज्ञांचा समजून आपण सोडून देतो. प्रस्तुत लेखात त्याचाच मागोवा घ्यायचा आहे. कारण त्या बांधणीत वाङ्मयीन अर्थ आहे आणि काही खऱ्या माणसांचे भागधेयही गुंतलेले आहे.

आरंभीच शब्दांविषयी एक खुलासा. 'बुटका', 'ठेंगू' हे मराठी शब्द थट्टेचे आहेत, 'बटू' आणि 'वामन' हे पुराणातले. साध्या माणसासाठी यांत साधा शब्द नाही. म्हणून येथे 'बुटके' हा शब्द केवळ कथेतल्या कल्पित वंशासाठी वापरला आहे ('हिमगौरी आणि सात बुटके' या नावाने तो आपल्या परिचयाचा आहेच), आणि वास्तवातल्या कलावंतांसाठी 'कमी उंचीचे' असे म्हटले आहे. अशीच अडचण टोल्कीन यांनाही जाणवली होती. आपले बुटके परीकथेतल्या हास्यास्पद बुटक्यांपासून वेगळे ओळखता यावेत म्हणून त्यांनी इंग्रजीतले रूढ अनेकवचन सोडून 'ड्वार्व्ह्ज' असे स्वतंत्र रूप स्वीकारले.

२

उंची आणि प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जोनाथन स्विफ्टच्या 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मध्ये (१७२६) लिलिपुटचे लोक आपल्या बाराव्या हिश्शाचे आहेत, पण त्यांचे प्रमाण आपलेच. डोके, धड, पाय सारे त्याच गुणोत्तरात आक्रसलेले. गलिव्हरला किती लिलिपुटवासीयांचे अन्न लागेल याचा हिशेब तेथील गणिती बाराचा घन करून, म्हणजे १७२८ असा मांडतात. हा हिशेब काटेकोर आहे आणि त्या काटेकोरपणातच उपरोध आहे: हे लोक आपल्यासारखेच आहेत, फक्त लहान, त्यामुळे त्यांचा अहंकारही आपलाच, फक्त लहान.

निसर्गात मात्र असे साधे आक्रसणे संभवत नाही. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ सालच्या योग्य आकारमानावरील आपल्या प्रसिद्ध निबंधात जॉन बन्यनच्या रूपककथेतल्या राक्षसांचा दाखला घेतला होता. माणसाच्या दसपट उंचीच्या राक्षसाचे वजन हजारपट होईल, पण हाडांचा छेद शंभरपटच वाढेल. अर्थात पहिल्याच पावलाला त्याची मांडी मोडेल. आकार बदलला की प्रमाण बदलावेच लागते. वाङ्मयाला हा नियम लागू नाही. शब्दांना वजन नसते.

आपल्या शिल्पशास्त्राने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. तालमानाच्या पद्धतीत मूर्तीचे माप तिच्याच चेहऱ्याच्या लांबीने घ्यायचे असते. श्रेष्ठ देवतांना दशताल, गणेशाला पंचताल, भूतगणांना त्याहून कमी. मूर्ती वीतभर असो वा पुरुषभर, दशताल देवता दशतालच राहते. म्हणजे कोण कोणत्या कोटीतला, हे उंची सांगत नाही, प्रमाण सांगते. मस्तक मोठे आणि पाय आखूड असले की तो गण. त्याने हसावे, नाचावे, खांबाचा भार वाहावा. या संकेतात सौंदर्य आहे, तसाच एक श्रेणीचा निवाडाही आहे. चित्रपटाने नकळत असेच तालमान उभे केले. त्याच्यापुढे तीन पर्याय होते: प्रौढ माणसाला त्याच प्रमाणात लहान करणे, लहान मुलाचे प्रमाण प्रौढाला देणे, किंवा ज्यांचे शरीर मुळातच वेगळ्या प्रमाणाचे आहे अशा कमी उंचीच्या कलावंतांना पडद्यावर आणणे. कोणत्या वंशासाठी कोणता पर्याय निवडला गेला, याकडे आता पाहू.

३

१९३७ हे वर्ष या इतिहासात विलक्षण आहे. सप्टेंबरात 'द हॉबिट' प्रसिद्ध झाले आणि डिसेंबरात वॉल्ट डिस्ने यांचा 'स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स' पडद्यावर आला. एकाच वर्षात बुटक्यांची दोन कुळे जन्माला आली. ग्रिम बंधूंच्या कथेत (१८१२) सात बुटक्यांना नावे नाहीत, स्वतंत्र स्वभाव नाहीत. ते डोंगरात खनिज खणणारे कष्टाळू यजमान आहेत. डिस्नेने त्यांना स्वभावावरून नावे दिली आणि शरीरे दिली ती बालकांची: मोठे डोके, फुगीर गाल, आखूड हातपाय. डोपी तर दाढीविरहित, जवळजवळ तान्हाच. बालशरीराचे प्रमाण पाहून प्रौढांच्या मनात वात्सल्य जागते, हे कोनराड लोरेन्झ यांनी पुढे १९४३ मध्ये मांडले. डिस्नेच्या चित्रकारांना ते हाताच्या बोटांनी आधीच कळले होते. परिणाम असा झाला, की कथेत पोरक्या मुलीला आसरा देणारे बुटके चित्रपटात स्वतःच तिची मुले होऊन बसले. ती त्यांना हात धुवायला लावते! टोल्कीन यांना डिस्नेच्या शैलीचा मनस्वी तिटकारा होता आणि तो त्यांनी त्याच वर्षी पत्रातून व्यक्तही केला होता.

दोनच वर्षांनी, १९३९ मध्ये, 'द विझर्ड ऑफ ऑझ' आला. एल. फ्रँक बॉम यांच्या १९०० सालच्या पुस्तकात मंचकिन लोक फारसे लहान नाहीत. ते डोरोथीच्या उंचीचे आहेत, आणि डोरोथी वयाच्या मानाने चांगली वाढलेली मुलगी आहे. बॉम यांना अभिप्रेत असलेला चमत्कार सूक्ष्म आहे: मुलीला प्रथमच आपल्या डोळ्यांच्या पातळीवरची प्रौढ माणसे भेटतात. चित्रपटात डोरोथीची भूमिका सोळा वर्षांच्या ज्युडी गारलंडने केली, आणि मंचकिन म्हणून सव्वाशेच्या आसपास कमी उंचीचे प्रौढ कलावंत जमवण्यात आले. समपातळीवरची भेट संपली. आता नायिका वरून पाहू लागली. या कलावंतांचे आवाज बहुतांशी दुसऱ्यांकडून भरून घेतले गेले. श्रेयनामावलीत त्यांची स्वतंत्र नावे नाहीत. लिओ सिंगर या व्यवस्थापकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मंडळाचा तेवढा उल्लेख आहे. हॉलिवूडच्या पदपथावर मंचकिनांच्या नावाची चांदणी बसली ती २००७ साली, सत्तरएक वर्षांनी. तोवर त्यांतले मोजकेच हयात होते.

४

तिसरा टप्पा यथादर्शनाच्या चकव्याचा. १९५९ च्या 'डार्बी ओगिल अँड द लिट्ल पीपल' या डिस्नेपटात आयरिश लोककथेतला लेप्रेकॉनांचा राजा ब्रायन हा जिमी ओडेया या सामान्य उंचीच्या नटाने साकारला. डार्बी कॅमेऱ्याजवळ, राजा कितीतरी मागे, दोघांच्या नजरा मात्र अशा जुळवलेल्या की ते समोरासमोर बोलत आहेत असे वाटावे. जवळचे आणि दूरचे दोन्ही स्पष्ट दिसावे म्हणून प्रचंड प्रकाश वापरावा लागे. येथे राजाचे प्रमाण प्रौढाचेच राहिले, आणि म्हणून त्याचा रुबाबही राहिला. तो धूर्त आहे, अभिमानी आहे, डार्बीच्या तोडीचा प्रतिस्पर्धी आहे. लिलिपुटचा धडा येथे पुन्हा गिरवला गेला: प्रमाण राखले की समता राहते.

या काळात कमी उंचीचे कलावंत काय करत होते? बिली बार्टी हा त्यांतला एक महत्त्वाचा नट. लहानपणापासून चित्रपटांत कामे करणाऱ्या या माणसाने १९५७ मध्ये 'लिट्ल पीपल ऑफ अमेरिका' ही संघटना स्थापन करण्यात पुढाकार घेतला. राल्फ बाक्शी यांनी १९७८ मध्ये टोल्कीनच्या कादंबरीवर अ‍ॅनिमेशनपट काढला तेव्हा आधी खऱ्या नटांचे चित्रण करून त्यावरून रेखाटने गिरवण्याची पद्धत वापरली. हॉबिटांसाठी कॅमेऱ्यासमोर हालचाली करणाऱ्यांत बार्टी होते. प्रेक्षकांनी पाहिली ती रेषा. तिच्याखालचे शरीर कोणाचे, हे फार थोड्यांना ठाऊक झाले.

१९८८ च्या 'विलो'ने वेगळी वाट धरली. हा चित्रपट कोणत्याही पुस्तकावर आधारित नाही, पण टोल्कीनचे ऋण त्यावर उघड आहे. नेल्विन या लहानखुऱ्या वंशाचा नायक वॉरिक डेव्हिस या कमी उंचीच्या नटाने स्वतःच्या चेहऱ्याने साकारला. बार्टीही त्यात गावच्या वृद्ध मांत्रिकाच्या भूमिकेत होते. विलो बाप आहे, नवरा आहे, शेतकरी आहे, भित्रा आहे आणि शेवटी शूरही आहे. जे शरीर इतरत्र विनोदासाठी किंवा विस्मयासाठी वापरले जाई, ते येथे पूर्ण माणसाचे झाले. ही वाट पुढे रुंदावेल असे तेव्हा अनेकांना वाटले असावे.

५

पीटर जॅक्सन यांची चित्रत्रयी (२००१-०३) ही या इतिहासातली सर्वांत विचारपूर्वक केलेली बांधणी. हॉबिटांसाठी त्यांनी साधारण साडेपाच फूट उंचीचे नट निवडले. बॅग एंड हे घर दोन मापांत उभारले: एक हॉबिटांना साजेसे मोठे, दुसरे गॅन्डाल्फला अवघडायला लावणारे लहान. यथादर्शनाचा चकवा तर वापरलाच, पण पूर्वी त्यासाठी कॅमेरा स्थिर ठेवावा लागे. येथे कॅमेरा सरकला की नटालाही सरकत्या फळीवर त्याच हिशेबाने हलवण्याची युक्ती योजली. चौथा मार्ग 'स्केल डबल'चा. पाठमोऱ्या आणि दूरच्या दृश्यांत हॉबिटांच्या जागी कमी उंचीचे कलावंत, आणि हॉबिटांचे चेहरे दाखवायचे असतील तेव्हा गॅन्डाल्फच्या जागी सात फुटांहून उंच माणूस.

एक हिशेब फार सुंदर बसला. बुटका गिमली ज्यांनी केला ते जॉन ऱ्हिस-डेव्हिस सहा फूट एक इंच उंच. हॉबिट साडेपाच फुटांचे आणि गिमली सहा फुटांवर, हे गुणोत्तर हॉबिट आणि बुटके यांच्यातील अंतराला जवळजवळ जुळते. साडेपाच फुटांचे साडेतीन केले, तर त्याच पट्टीने गिमली पावणेचार फुटांच्या जरा वर येतो. त्यामुळे हे पाच जण एकाच चौकटीत कोणत्याही करामतीशिवाय उभे राहू शकत. कंपूतला सर्वांत उंच नट बुटक्याची भूमिका करत होता, हे जाणून पुन्हा पाहिले तर नजरेचा खेळ कळतो.

हॉबिटांचे प्रमाण जॅक्सननी माणसाचेच ठेवले, अपवाद पावलांचा. टोल्कीनने तळवे चिवट आणि वर कुरळी लव एवढेच सांगितले आहे, पावले मोठी असल्याचे कोठेही म्हटलेले नाही. चित्रपटात ती मोठी झाली, कारण कॅमेऱ्याला काहीतरी 'खूण' हवी होती. पुस्तकात गॅन्डाल्फ बॅग एंडमध्ये निवांत गप्पा मारत बसतो. चित्रपटात तो झुंबराला आणि तुळईला डोके आपटतो. लेखकाने जे एकदा सांगून सोडले, ते दिग्दर्शकाला पुन्हा पुन्हा आपटून सांगावे लागते.

आता त्या पाठमोऱ्या फ्रोडोकडे वळू. तो बहुधा किरण शाह असे. भारतीय कुटुंबातले, नैरोबीत जन्मलेले, सुमारे १२६ सेंटिमीटर उंचीचे हे साहसदृश्यांचे कलावंत. त्यांच्या चेहऱ्यावर प्रसंगी फ्रोडोच्या चेहऱ्याचा मुखवटा असे. पुढे २००५ च्या नार्नियापटात त्यांचा स्वतःचा चेहरा दिसला तो पांढऱ्या चेटकिणीच्या क्रूर बुटक्या सेवकाच्या भूमिकेत. याच २००५ साली रोआल्ड डाल यांच्या 'चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी'च्या चित्रपटात सगळेच्या सगळे ऊम्पा-लूम्पा डीप रॉय या एकाच नटाने केले. तेही भारतीय कुटुंबातले आणि नैरोबीचेच. डाल यांच्या १९६४ च्या मूळ आवृत्तीत हे कामगार आफ्रिकेतले पिग्मी होते, आणि टीकेनंतर १९७३ मध्ये तो मजकूर बदलला गेला. वसाहतींच्या इतिहासाची ही सावली योगायोगाने का होईना, पात्रयोजनेत पुन्हा पडलेली दिसते.

म्हणजे जॅक्सनच्या चित्रत्रयीत चेहरा एकाचा आणि पाठ दुसऱ्याची. समीक्षेने या चित्रपटांना डोक्यावर घेतले ते योग्यच. पण लहानांच्या हातून जगाचे भवितव्य घडते असे सांगणाऱ्या कथेत, खरोखर लहान असलेल्यांनी पाठ फिरवून उभे राहावे, यातली विसंगती तेव्हा क्वचितच कोणी बोलून दाखवली.

६

गिमलीचे उदाहरण अधिक बोलके आहे. कादंबरीतला गिमली गंभीर आहे. हेल्म्स डीपमागच्या गुहांचे सौंदर्य तो कवीच्या वाणीने वर्णन करतो. राणी गॅलाड्रिएलवरची त्याची भक्ती मध्ययुगीन दरबारी प्रेमकाव्याची आठवण करून देते. चित्रपटात तो विनोदाचे निमित्त होतो. किल्ल्याच्या भिंतीवरून त्याला पलीकडचे दिसत नाही. पहिल्या भागात तो आपल्याला कोणी फेकायचे नाही असे बजावतो आणि दुसऱ्या भागात, नाइलाजाने, आपल्याला फेक असे अरागॉर्नला सांगतो. कादंबरीत असे काही नाही.

हा विनोद हवेतून आलेला नाही. कमी उंचीच्या माणसाला उचलून गादीवर फेकण्याचा 'खेळ' १९८० च्या दशकात काही देशांच्या मद्यालयांत सुरू झाला होता. फ्रान्समधील मोर्सां-स्यूर-ओर्झ या गावाने त्यावर बंदी घातली, आणि १९९५ मध्ये तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने मानवी प्रतिष्ठेच्या आधारे ती बंदी उचलून धरली. या बंदीविरुद्ध लढला तो स्वतः फेकला जाणारा कलावंत. हे माझे काम आहे, ते गेले तर मला दुसरे मिळत नाही, आणि काम नसणे हीच खरी अप्रतिष्ठा, असा त्याचा युक्तिवाद होता. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने जुलै २००२ मध्ये त्याचे म्हणणे अमान्य केले. त्याच वर्षी डिसेंबरात 'द टू टॉवर्स' प्रदर्शित झाला आणि जगभरची चित्रपटगृहे त्या फेकण्याच्या विनोदावर हसली.

या दोन घटनांचा कार्यकारणसंबंध नाही. पण प्रतिष्ठा की पोट, हा प्रश्न त्या खटल्याने जसा उभा केला, तसाच तो पडद्यावरच्या बुटक्यांबाबत आजही उभा आहे; त्याकडे शेवटी येऊच.

७

'द हॉबिट'च्या तीन भागांत (२०१२-१४) तंत्र बदलले आणि त्याबरोबर अर्थही. त्रिमिती छायाचित्रणात यथादर्शनाचा चकवा चालत नाही, कारण कोण जवळ आणि कोण दूर हे प्रेक्षकाचे दोन डोळे ओळखतात. त्यामुळे गॅन्डाल्फ आणि बुटके यांचे चित्रण वेगवेगळ्या जागी करून नंतर जोडण्यात आले. हिरव्या पडद्यापुढे एकटेच बसून, समोर माणसांऐवजी त्यांची छायाचित्रे ठेवून संवाद म्हणताना इयन मकेलन यांना रडू कोसळले, ही हकीकत त्यांनीच पुढे सांगितली आहे. प्रमाण साधले, सहवास गेला.

पुस्तकात तेरा बुटके ओळखायचे ते टोप्यांच्या रंगांवरून आणि दाढ्यांवरून; चेहऱ्यांविषयी लेखक फारसे सांगत नाही. चित्रपटाने तेरांना तेरा शरीरे दिली. उंच नटांना ठेंगणे-रुंद भासवण्यासाठी अंगात भरीव पोशाख, चेहऱ्यावर कृत्रिम नाक-कपाळ, हातांवर मोठे पंजे. पण हे ओझे सर्वांवर सारखे नाही. बोम्बुर वाटोळा आणि विनोदी; थोरिन राजबिंडा, त्याची दाढीही आखूड; आणि किली, ज्याच्यासाठी एल्फ स्त्रीबरोबरची प्रेमकथा पटकथाकारांनी नव्याने रचली, तो तर जवळजवळ साधा देखणा माणूस. तालमान येथे उघडे पडते: जो प्रेमाला पात्र, त्याला माणसाचे प्रमाण, जो हसण्याला पात्र, त्याला गणाचे.

उलट दिशेचा बदल ऑर्क वंशात दिसतो. टोल्कीनचे बहुतेक ऑर्क माणसाहून लहान आहेत. मोरियातला त्यांचा एक नायक जवळजवळ माणसाएवढा आहे, हे मुद्दाम सांगावे लागते. मॉर्डोरमध्ये फ्रोडो आणि सॅम ऑर्कांचा वेष घालतात आणि तो खपतो, कारण लहान ऑर्क आणि हॉबिट यांच्या मापांत फारसे अंतर नाही. ही केवळ सोय नव्हे. शत्रूच्या कपड्यांत आपले अंग मावते, ही त्या प्रसंगातली खरी भीती आहे. चित्रपटात वेष आहे, पण ऑर्क माणसाएवढे आणि उरुक-हाय त्याहून धिप्पाड झाल्याने ती भीती उरत नाही. पहिल्या भागातला उरुक-हायांचा म्होरक्या लर्ट्झ हे पात्र चित्रपटानेच निर्माण केले. ते माओरी वंशाच्या एका उंच नटाने रंगवले, आणि काळ्या, आडदांड शरीरांची फौज विरुद्ध गोरे वीर ही मांडणी अनेक अभ्यासकांना खटकली.

याचा सगळा दोष दिग्दर्शकाच्या माथी मारता येत नाही. १९५८ मध्ये एका प्रस्तावित पटकथेवर अभिप्राय देताना टोल्कीन यांनी ऑर्कांच्या शरीराचे जे वर्णन केले, त्यात मंगोल वंशाविषयीची युरोपीय हेटाळणी स्पष्ट आहे. याच टोल्कीन यांनी १९३८ मध्ये, 'द हॉबिट'च्या जर्मन प्रकाशकाने आर्य वंशाची विचारणा केली तेव्हा संतप्त उत्तराचा मसुदा लिहिला होता, आणि वंशसिद्धान्त अशास्त्रीय व घातक असल्याचे आपले मत नोंदवले होते. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. वंश मोजता येतो, तो नाकाच्या आणि कवटीच्या मापांत असतो, हा त्या काळचा समज किती खोलवर मुरला होता हे यातून कळते. मराठी वाचकाला हा समज अपरिचित नाही. रिस्ले यांनी याच मापांवर भारतातल्या जातींची वंशावळ रचली, आणि डॉ. आंबेडकरांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये घुर्ये यांनी जमवलेली नासिकामापे पुढे ठेवून ब्राह्मण आणि अस्पृश्य हे भिन्न वंशाचे नाहीत, असे मोजपट्टीनेच दाखवून दिले. शरीराचे माप निष्पाप नसते, हे आपण त्यांच्याकडून शिकलो आहोत.

८

२०१२ मध्ये हिमगौरीच्या कथेवर दोन चित्रपट आले. 'स्नो व्हाइट अँड द हंट्समन'मध्ये इयन मॅकशेन, बॉब हॉस्किन्स यांच्यासारख्या सामान्य उंचीच्या नामवंत नटांना संगणकाच्या साह्याने लहान करण्यात आले. 'लिट्ल पीपल ऑफ अमेरिका'ने त्यावर नापसंती व्यक्त केली. मूळच्या पंजाबच्या तरसेम सिंग यांच्या 'मिरर मिरर'मध्ये सातही बुटके कमी उंचीच्या नटांनी केले, आणि त्यांना राणीने गावाबाहेर काढलेली माणसे म्हणून एक सामाजिक भूतकाळही मिळाला. एकाच वर्षी, एकाच कथेला दोन उत्तरे.

जानेवारी २०२२ मध्ये डिस्नेच्या नव्या 'स्नो व्हाइट'ची वार्ता आल्यावर पीटर डिंकलेज यांनी गुहेत राहणाऱ्या सात बुटक्यांची ही मागासलेली कथा आजही कशासाठी, असा जाहीर सवाल केला. कंपनीने साचेबंद चित्रण टाळण्याचे आश्वासन दिले. २०२५ मध्ये चित्रपट आला तेव्हा सातही बुटके संगणकनिर्मित होते. मधल्या काळात कमी उंचीच्या काही कलावंतांनी उलट तक्रार केली, की आमच्या वाट्याला येणाऱ्या मोजक्या भूमिकाही यामुळे गेल्या. २०२३ च्या 'वोन्का'मध्ये ह्यू ग्रँट यांना लहान करून ऊम्पा-लूम्पा बनवले गेले तेव्हाही हाच सूर उमटला. फ्रान्समधल्या त्या कलावंताचा युक्तिवाद वीस वर्षांनी परत आला होता. मद्यालयातला तमाशा आणि परीकथेतली भूमिका या एकाच मापाच्या गोष्टी नव्हेत, हे खरे. परंतु दोन्ही ठिकाणी प्रतिष्ठेचा निर्णय इतरांनी घेतला आणि किंमत त्या शरीरांनी मोजली, हेही तितकेच खरे.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने चार फूट दहा इंच, म्हणजे १४७ सेंटिमीटर वा त्याहून कमी प्रौढ उंचीची, वैद्यकीय वा आनुवंशिक कारणाने आलेली अवस्था दिव्यांगत्व म्हणून नोंदवली. कायद्याला आकडा लागतो. त्याशिवाय हक्क देता येत नाही. वाङ्मयाला तो लागत नाही. चित्रपट या दोहोंच्या मध्ये सापडलेला आहे: त्याला आकडा दाखवावा लागतो आणि तो विसरायलाही लावावा लागतो. 'विलो'ने ते एकदा साधले होते. पहिल्या दहा मिनिटांनंतर विलोची उंची आपण विसरतो, आणि त्यासाठी कोणालाही पाठमोरे उभे राहावे लागले नाही.

म्हणून वर्गात रूपांतर शिकवताना एक साधा प्रयोग करून पाहावा. रिव्हेंडेलमधली सभा लावावी आणि विद्यार्थ्यांना कथा बाजूला ठेवून फक्त मोजायला सांगावे: फ्रोडो किती वेळा समोरून दिसतो, किती वेळा पाठीमागून. मग कादंबरीतला तोच प्रसंग वाचावा, जेथे सर्व थोरामोठ्यांच्या शांततेत एक लहान आवाज उठतो आणि अंगठी नेण्याची जबाबदारी स्वीकारतो. त्या पानावर त्याच्या उंचीचा आकडा नाही. वाचकाला तो लागतही नाही. त्याने आपल्या मनात फ्रोडोला हवे ते शरीर दिलेले असते. पडद्यावर ते शरीर कोणाचे तरी असावेच लागते, आणि ते कोणाचे होते हे विचारणे आता समीक्षेचे काम आहे.